छत गळते कुठून?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला तेव्हा सोबत एक अटही घातली. लेख सभासदांच्या घरात उपयोगी पडला पाहिजे आणि शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनाही त्यातून चार गोष्टी कळल्या पाहिजेत. आम्ही काही इंजिनीअर नव्हे. परंतु २०१२ साली आमच्या घराचे छत गळू लागले, त्याचे मूळ शोधता शोधता चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत आमच्या हातून एका शेजारणीवर जो अन्याय झाला तो आजही मनाला सलतो. तेव्हा तोच विषय घ्यावा असे ठरविले. चाळीतून आणि वस्तीतून निघून आपले पुष्कळ सभासद आता सिमेंटच्या इमारतींत राहावयास गेले आहेत. कौले किंवा पत्रा गळत असे तेव्हा भोक कुठे आहे ते खाली उभे राहून दिसे. उजेड आत येई तिथून पाणीही येई. स्लॅबचे तसे नाही. स्लॅबमधून पाणी एका ठिकाणी आत शिरते आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडते. सारा घोटाळा इथेच आहे.

आमची इमारत मुंबईच्या उपनगरात, तळमजला अधिक तीन मजले, १९७८ साली बांधलेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर तिसरा मजला आणि त्यावर गच्ची. २०१२ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, हॉलच्या छताला पंख्याच्या हुकाजवळ तांबूस डाग दिसला. आठवड्याभरात डागाचा ताटाएवढा घेर झाला आणि एके दिवशी सकाळी आठच्या सुमारास पंख्याच्या वाटीतून पहिला थेंब पडला. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हा पावसाचे पाणी नाही एवढे तर शेंबड्या पोरालाही कळण्यासारखे होते. आमच्या हॉलच्या भिंतीपलीकडे न्हाणी आहे आणि तिच्या बरोबर वर वरच्या घरातली न्हाणी. वरच्या घरात एक ताई आणि त्यांचा मुलगा राहतो. ताईंचे यजमान रेल्वेत होते, त्यांच्या मागे पेन्शनीवर घर चाललेले. मुलाची रात्रपाळी. तो सकाळी सातला येऊन आंघोळ करी आणि आठला आमचे छत गळे. यापेक्षा वेगळा पुरावा तो काय हवा?

आम्ही त्या वेळी सोसायटीच्या कमिटीवर होतो. प्लंबर आणला, त्याने वर जाऊन लाद्यांवर दोनदा टकटक केले आणि न्हाणी ट्रॅपचा जोड गेला आहे, सगळे फोडावे लागेल, असे सांगितले. ताई म्हणाल्या, "भाऊ, माझ्या न्हाणीत दोन बादल्यांच्या वर पाणी सांडत नाही. फोडून काही निघाले नाही तर?" आम्ही उत्तर दिले, "ताई, पाणी खाली येते ते वरूनच ना!" हे वाक्य आम्ही फार ऐटीत उच्चारले होते. आज आठवले की शरम वाटते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात न्हाणी फोडली. ट्रॅप नवा बसवला, कोबा नवा केला, लाद्या नव्या लावल्या. ताईंचे २६ हजार पाचशे रुपये गेले. काम चालू असतानाच आमचा थेंब बंद झाला. आम्ही प्लंबरला चहा पाजला आणि ताईंना पेढे नेऊन दिले. तीन आठवडे छत कोरडे राहिले. मार्चच्या मध्यावर एका सकाळी आठ वाजता पुन्हा टप्‌ टप्‌ सुरू झाले.

आता इथे थोडे थांबून, पाणी स्लॅबमध्ये वागते कसे ते पाहू. ते माहीत असते तर पुढचा मनस्ताप झाला नसता.

विद्यार्थी मित्रांनो, पाणी उताराकडे वाहते हे आपण पहिल्या इयत्तेपासून शिकतो. ते खरे असले तरी पुरेसे नाही. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढते ते तुम्ही पाहिले असेल. बारीक फटींतून द्रव असा ओढला जातो, त्याला शास्त्रात केशाकर्षण म्हणतात. विटा, गिलावा, लादीखालची रेती-सिमेंट हे सारे त्या वातीसारखेच सच्छिद्र. त्यामुळे ओल आडवी पसरते, प्रसंगी वीत-दोन वीत वरही चढते. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा चिकटपणा. तपेल्यातून दूध हळू ओतले तर धार सरळ न पडता तपेल्याच्या पोटाला चिकटून मागे येते, हा अनुभव घरोघरी आहे. स्लॅबच्या पोटाखालूनही पाणी असेच चिकटून सरकते आणि एखादा उंचवटा, खिळा किंवा हुक मिळाला की तिथे लोंबून थेंब होतो. म्हणून पंख्याच्या हुकाजवळ गळले याचा अर्थ हुकाच्या वर भोक आहे असा मुळीच होत नाही. हुक ही पाण्याला सापडलेली सोयीची जागा. त्यात आणखी एक वाट माणसानेच करून ठेवलेली असते. विजेच्या तारा नेण्यासाठी स्लॅबच्या पोटात नळ्या पुरलेल्या असतात आणि त्या साऱ्या पंख्याच्या डबीपाशी येऊन मिळतात. स्लॅबच्या टोकाला शिरलेले पाणी या नळीतून दहा-बारा फूट प्रवास करून थेट हॉलच्या मध्यावर अवतरते.

स्लॅब आणि लादी यांच्यामध्ये भरावाचा थर असतो. न्हाणी-संडासात तर तो बराच जाड असतो, कारण तिथला स्लॅब मुद्दाम खोलगट ठेवून त्यात पाइप घातलेले असतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हा भराव म्हणजे स्पंजच. तो आधी पोटभर पाणी पितो आणि मग सोडू लागतो. गच्चीवर जाड कोबा असेल तर जूनच्या पहिल्या सरी पडूनही घर कोरडे राहते, जुलैत गळू लागते आणि पाऊस उघडल्यानंतरही पंधरा दिवस गळतच राहते. लोक म्हणतात, पाऊस नाही तरी गळते म्हणजे पाइपच फुटला. पुष्कळदा ते जुनेच साठलेले पाणी असते.

यावरून ध्यानात येईल की गळती कुठे होते यापेक्षा ती कधी होते हे विचारणे जास्त फायद्याचे. दिवसरात्र एकसारखी ओल असेल, कोणी पाणी वापरो न वापरो, तर भरलेल्या पाइपावर संशय घ्यावा. गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या पाइपात चोवीस तास दाब असतो, मग त्याला सुईएवढे छिद्रही पुरते. वरच्यांनी पाणी वापरल्यानंतरच गळत असेल तर सांडपाण्याची वाट पाहावी. न्हाणी ट्रॅपचा जोड, मोरीचा कोपरा, संडासाच्या भांड्याचा जोड. फक्त पावसात, त्यातही वारा एका विशिष्ट दिशेने असतानाच गळत असेल तर गच्चीपेक्षा भिंतीची भेग, खिडकीची चौकट किंवा छज्जाचा सांधा तपासावा. मुंबईत पावसाचा मारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून असतो आणि त्या बाजूच्या भिंती आधी खराब होतात, हे कोणत्याही जुन्या इमारतीला प्रदक्षिणा घातली तरी दिसेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसाने कित्येक इमारतींच्या भिंतींना कायमची ओल लावून ठेवली.

थंडीत न्हाणीच्या छताला घामासारखे बारीक थेंब येतात आणि काळी बुरशी धरते, ती मात्र गळती नसून आंघोळीची वाफ असते. खात्री करायची असेल तर छताचा एक कोपरा कोरडा पुसून त्यावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक दिवस ठेवावा. ओल प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आली तर ती हवेतली वाफ. प्लास्टिकच्या आत, छताकडच्या बाजूला आली तर ती स्लॅबातून आलेली. दोन रुपयांच्या तुकड्यावर हजारो रुपयांचे काम वाचते.

डागसुद्धा वाचता येतो. सांडलेल्या चहाचा डाग कडेला गडद असतो, कारण पाणी उडून जाताना रंग कडेला लोटला जातो. छतावरच्या डागाचेही तेच. एकात एक अशी अनेक वर्तुळे दिसली तर पाणी येते, थांबते, वाळते आणि पुन्हा येते असे समजावे. सतत गळणाऱ्या पाइपाचा डाग असा वर्तुळांचा नसतो, तो सदा ओला आणि पसरत जाणारा असतो. आमच्या डागाला सात-आठ वर्तुळे होती. ती आमच्या नजरेसमोर दोन महिने होती आणि आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती.

सर्वांत आधी करावयाची गोष्ट मात्र शोध नव्हे. पंखा, दिवा किंवा कोणत्याही विजेच्या बिंदूपाशी पाणी दिसले की त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य ठिकाणी बंद करावा. नुसते पंख्याचे बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत वायरिंग उलटसुलट झालेले असते आणि बटण बंद असूनही तारेत वीज राहू शकते. तसेच छताचा गिलावा फुगून पोट काढून आला असेल तर त्याखाली अंथरूण घालू नये, मुलांना अभ्यासाला बसवू नये. ओला गिलावा जड होतो आणि न सांगता कोसळतो. ऑइलपेंटखाली पाण्याचा फुगा आला असेल तर वीज बंद करून, खाली बादली धरून, टोच्याने लहान भोक पाडावे. पाणी एका जागी उतरते.

आता आमच्या घराकडे परत येऊ. मार्चमध्ये थेंब पुन्हा सुरू झाल्यावर सोसायटीत एकच ओरड झाली. गवंड्याने काम खराब केले, ताईंनी स्वस्तातला माणूस लावला, पुन्हा फोडा. ताई जिन्यात भेटल्या तर मान फिरवून जाऊ लागल्या. आमच्या सौभाग्यवतीचे आणि त्यांचे हळदीच्या वाटीपासूनचे देणेघेणे होते, ते थांबले. एप्रिलमध्ये ताई आणि त्यांचा मुलगा लग्नासाठी कल्याणला लेकीकडे चार दिवस गेले. जाताना ताईंनी घराची मुख्य चावी, म्हणजे पाण्याचा कॉक, आमच्या देखत बंद केली. किल्ली आमच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "बघा आता भाऊ. माझ्या घरात चार दिवस थेंबभर पाणी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमचे छत गळले. तिसऱ्या दिवशी गळले. चौथ्या दिवशीही गळले.

आम्ही वर जाऊन न्हाणीत हात फिरवला. लाद्या ठणठणीत कोरड्या. त्या दिवशी आम्ही एक जुनी वही घेतली आणि लिहू लागलो. थेंब किती वाजता सुरू झाला, मिनिटाला किती पडले, किती वाजता थांबला. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर तारीख घालू लागलो. खाली मोजपट्टीचा पेला ठेवला. साधारणतः वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब दिवसभर पडला तर ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर पाणी. आमचे मात्र आठ ते बारा एवढ्या वेळात जेमतेम अर्धा लिटर भरे, आणि दुपारी सारे वाळून जाई. बारा दिवसांच्या नोंदी झाल्या. त्यात एकच दिवस कोरडा होता. तो दिवस कोणता, हे कॅलेंडरवर पाहिले तर त्या दिवशी महापालिकेच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद होता!

पालिकेचे पाणी आणि आमचे छत यांचा संबंध काय? पालिकेचे पाणी पहाटे खालच्या टाकीत येते. साडेपाचला वॉचमन पंप लावतो आणि ते गच्चीवरच्या टाकीत चढते. पाणी आले नाही तर पंप लागत नाही. म्हणजे संबंध पंपाशी होता. मग आम्ही आठवू लागलो की फेब्रुवारी-मार्चचे ते तीन कोरडे आठवडे पंप कोण लावीत होते. आमचा वॉचमन कोकणातला. तो शिमग्याला गावी गेला होता. त्याच्या जागी तळमजल्यावरचे एक निवृत्त सभासद वर्तमानपत्र घेऊन पंपाजवळ बसत आणि टाकी भरल्याचा आवाज आला की तत्क्षणी बंद करीत. वॉचमन मात्र पंप लावून दुधाच्या केंद्रावर जाई आणि अर्ध्या-पाऊण तासाने येऊन बंद करी. तोपर्यंत टाकी वाहत राही.

विद्यार्थी मित्रांनो, हा भाग विशेष ध्यानात घ्या. ताईंची न्हाणी दुरुस्त झाली आणि थेंब थांबला, म्हणून न्हाणीचीच चूक होती, असा निष्कर्ष आम्ही काढला. प्रत्यक्षात त्याच आठवड्यात वॉचमन गावाला गेला होता. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. त्याचप्रमाणे मुलाची आंघोळ सातला आणि थेंब आठला, हाही निव्वळ योगायोग होता. खरा हिशोब असा होता की सव्वासहाला टाकी वाहू लागे आणि ते पाणी आमच्या हुकापर्यंत पोहोचायला पावणेदोन तास लागत.

पण गच्चीवरचे पाणी तिसरा मजला चुकवून दुसऱ्यावर कसे आले? आम्ही इमारतीच्या मागच्या बाजूला गेलो. तिकडे गटार असल्यामुळे सहसा कोणी फिरकत नाही. मान वर करून पाहिले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाकीच्या ओव्हरफ्लोचा लोखंडी पाइप तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी गंजून तुटला होता. खालचा तुकडा केव्हाच पडून गेला होता. पाणी तिथून भिंतीवरून वाहत होते आणि ऐन एप्रिलच्या उन्हात त्या पट्ट्यात हिरवेगार शेवाळ होते. त्याखाली, बरोबर आमच्या छताच्या पातळीवर, एक आडवी भेग होती आणि भेगेतून पिंपळाचे रोप वर आलेले होते. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर रचलेली विटांची भिंत ऊन-थंडीत सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर अशी आडवी भेग पुष्कळ इमारतींना पडते. उन्हाळ्यात भिंतीवर हिरवळ दिसली तर तिथे पाणी नक्की आहे. ते काही पावसाचे नव्हे.

ताई कल्याणहून आल्यावर आम्ही वर गेलो. आधी माफी मागितली, मग कपाट सरकवण्याची परवानगी. मागच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट चौघांनी हलवले. त्यामागे लादीलगतच्या पट्टीवर पांढरा लोणा फुलला होता. पाणी भिंतीतले क्षार विरघळवून आणते आणि स्वतः उडून जाताना ते मागे ठेवते, तोच हा लोणा. पाणी ताईंच्या लादीखालच्या भरावात शिरत होते, तिथून तारेच्या नळीत आणि नळीतून आमच्या हुकात. त्यांच्या जमिनीवर ते कधी दिसलेच नाही.

तरीही या वेळी आम्ही नुसत्या तर्कावर विसंबलो नाही. एकदा हात पोळले होते. पिण्याच्या टाकीत रंग घालता येत नाही, म्हणून बागेची रबरी नळी घेऊन भिंतीवर पाणी मारायचे ठरविले. यात एक नियम आहे, तो सभासदांनी लक्षात ठेवावा. पाणी नेहमी खालून वर मारीत जावे. एकदम वरून सोडले तर ते सगळ्या भेगांवरून ओघळते आणि कोणत्या भेगेने आत घेतले ते कळत नाही. आम्ही आधी भेगेच्या खाली तासभर पाणी मारले. छत कोरडे. मग नेमके भेगेवर, नीळ कालवलेले पाणी सोडले. एक तास चाळीस मिनिटांनी हुकाला थेंब आला. निळा म्हणावा असा नव्हता, पण पांढऱ्या रुमालावर धरला तेव्हा फिकट निळी झाक दिसली. रंग पुष्कळदा वाटेत मुरतो, म्हणून रंग आला नाही तर पाणी तिथले नाही असे मात्र समजू नये. वेळ जुळली हा मोठा पुरावा.

वास्तविक हीच रीत न्हाणीच्या बाबतीत फोडाफोडीपूर्वी करता आली असती. न्हाणीचा जाळीखालचा ट्रॅप कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावा, दारात ओल्या मातीचा किंवा सिमेंटचा लहान बांध घालावा, दोन इंच पाणी भरून भिंतीवर पातळीची पेन्सिलखूण करावी आणि एक दिवस तसेच ठेवावे. थोडेसे पाणी हवेत उडून जाणारच. पण पातळी लक्षात येण्याइतकी उतरली किंवा खाली ओल वाढली तर लादी-कोब्यात दोष. पातळी टिकली तर ट्रॅपमध्ये दोन-चार बादल्या ओतून खाली पाहावे, म्हणजे ट्रॅप आणि त्याचा पाइप यांची परीक्षा होते. पाइपांसाठी तर याहून सोपे. कॉक बंद करून घर एक रात्र ठेवावे. या साऱ्याला खर्च काय? एक बोळा आणि एक दिवसाची गैरसोय. गच्चीवर पाणी तुंबवून परीक्षा घेण्याची पद्धतही आहे, पण ती स्वतःच्या मनाने करू नये. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. शंभर चौरस मीटर गच्चीवर पाच सेंटिमीटर पाणी साठवले तर पाच टन होतात. जुन्या इमारतीत हे इंजिनीअरला विचारूनच करावे.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. पिंपळावर कोयता चालवायला गवंडी राजी होईना. शेवटी आम्हीच सभोवार विटा सैल करून रोप मुळासकट काढले आणि डब्यात लावले. नुसते छाटले असते तर ते पुन्हा फुटलेच असते, आणि पिंपळाच्या मुळ्या भेग रुंदावल्याशिवाय राहात नाहीत. भेग खोल खरवडून, धुऊन, पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरली. ओव्हरफ्लोचा नवा पाइप जमिनीपर्यंत आणला, आणि तोही पुढच्या बाजूने, पाणी वाहिले तर सर्वांना दिसेल असा. पंपाला टाकी भरताच आपोआप बंद होणारी स्वयंचलित कळ बसवली. वॉचमनला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याला दूधही आणायला आम्हीच पाठवीत होतो.

आमच्या छताचा फुगलेला गिलावा काढला तेव्हा आतल्या दोन सळ्या गंजलेल्या निघाल्या. यावरून एक सांगितले पाहिजे. गळती म्हणजे केवळ रंगाचे नुकसान नव्हे. चांगल्या काँक्रीटमध्ये सळी सुरक्षित असते, पण पाणी आणि हवा आत पोहोचली की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि तुकडे सुटू लागतात. म्हणून डागावर खालून रंग किंवा वॉटरप्रूफ लेप फासणे हा उपाय नाही. पाणी आतच कोंडते, दिसेनासे होते आणि सळी खाते. पाणी जिथून शिरते तिथेच त्याला अडवले पाहिजे. आमच्या सळ्या तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पुन्हा गिलावा केला.

खर्च कोणाचा, हा प्रश्न अशा वेळी हटकून निघतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. घराच्या आतली न्हाणी, संडास, मोरी यांची दुरुस्ती ज्याच्या त्याच्या खर्चाने. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. आमची इमारत त्या वेळी ३४ वर्षांची होती आणि अशी तपासणी एकदाही झालेली नव्हती. झाली असती तर मागच्या भिंतीचा तुटका पाइप कोणाच्या तरी नजरेस पडलाच असता.

मे महिन्यात सर्वसाधारण सभा बोलावली. आम्ही वही सभेपुढे ठेवली आणि ताईंचे २६ हजार पाचशे रुपये संस्थेने परत करावेत असा ठराव मांडला. काहींनी विरोध केला. न्हाणी नवी झाली ती ताईंनाच वापरायला मिळाली ना, असे त्यांचे म्हणणे. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. परंतु फोडण्याचा हुकूम कमिटीने दिला होता, ताईंनी मागितला नव्हता. शेवटी ठराव मंजूर झाला आणि दोन हप्त्यांत धनादेश दिले. ताई सभेत काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी खाली आल्या, वही मागून घेतली, सारी पाने उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, ही वही जानेवारीत का नाही काढली?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

छताला रंग मात्र आम्ही लगेच दिला नाही. गिलावा आतून वाळायला वेळ लागतो, आणि एक पावसाळा पाहिल्याखेरीज खात्री धरू नये असे आम्हाला एका अनुभवी गवंड्याने सांगितले होते. जून ते सप्टेंबर वहीत नोंदी चालू होत्या. पाऊस, वाऱ्याची दिशा, आणि पुढे एकच शब्द, कोरडे. दिवाळीच्या आधी रंग लावला. डब्यातला पिंपळ तोवर हातभर झाला होता. तो ताईंच्या मुलाने मैदानाच्या कडेला, इमारतीपासून चांगला लांब, नेऊन लावला.